तोरपेकईनं राखलेली गढी

एक होता डोंगर. नुसत्या दगडांचा, वर गवताची काडी नाही. त्या डोंगराच्या पायथ्याशी होती एक मातीची गढी, आणि त्या गढीत राहायची एक मुलगी. पाय आत घ्या, पांघरूण नीट ओढा आणि ऐका.

हे सगळं झालं लांब तिकडे, पठाणांच्या मुलखात. आपल्या आमटीत हिंग पडतो ना, तो त्या बाजूचा. काबूल मागे टाकायचं, कंदाहारच्या रस्त्याला लागायचं, मग आठ दिवस उंटावर बसायचं, की ती गढी दिसायची. तिथल्या लोकांना पश्तून म्हणतात. भांडायला पुढे, पाहुण्याला जेवू घालायलाही पुढे, अशी ती माणसं.

मुलीचं नाव तोरपेकई. नाव अवघड आहे, पण अर्थ सोपा आहे. काळ्याभोर बटांची. तिच्या वडिलांचं नाव सरबलंद खान. ते गढीचे आणि खालच्या गावाचे मालक. आईला ती अदे म्हणायची, तिकडे आईला अदेच म्हणतात. आणि मोठा भाऊ होता जानस. त्याला ती लाला म्हणायची.

सरबलंद खानांनी काय केलं, मुलीला लिहायला शिकवलं. त्या काळात तिकडे मुलींना कुणी शिकवत नसे. आपल्याकडे तरी कुठे शिकवत होते म्हणा. अंगणात तुतीचं झाड होतं, त्याच्याखाली बाप-लेक बसायचे. पहिलं अक्षर अलिफ. अलिफ म्हणजे नुसती उभी रेघ, बरं का. पण ती सरळ यायला हवी. तोरपेकईची वाकडी यायची. मग तिनं एक गाणं केलं. आपल्याकडे जात्यावर ओवी म्हणतात ना, तशी तिकडच्या बायका पाण्याला जाताना दोन ओळींची गाणी म्हणतात. तसंच हिचं गाणं:

तुतीखाली फळं पडली, उचलायला वेळ नाही,
बाबा म्हणती अलिफ लिही, अजून सरळ येत नाही.

सरबलंद खान हसले. म्हणाले, "अलिफ राहू दे. हे गाणं लिही." ते तिचं पहिलं लिहिलेलं गाणं.

गढीत एक म्हातारा शिपाई होता, पायंदा काका. तो जानसला तलवार शिकवायचा. तोरपेकई मागे उभी राहून लाकडाची पट्टी तशीच फिरवायची. पायंदानं बरेच दिवस न पाहिल्यासारखं केलं. मग एक दिवस म्हणाला, "पोरी, कोपर खाली घे." झालं. त्या दिवसापासून तो दोघांनाही शिकवायला लागला.

अशी ती एकोणीस वर्षांची झाली. दोन ओळींची तिची गाणी गावातल्या बायका पाण्याला जाताना म्हणायच्या, आणि तलवारीत जानस तिला दहातून सहा वेळा हरवायचा. सहाच वेळा.

आता पाण्याचं सांगते, कारण भांडण पाण्यावरून झालं.

त्या मुलखात नदी नाही. पाणी डोंगराच्या पोटात. मग जुन्या लोकांनी काय केलं, डोंगराच्या पोटातून एक लांबच लांब बोगदा खणला आणि त्यातून पाणी गावापर्यंत आणलं. आपल्या औरंगाबादला नहर आहे ना, तसंच. तिकडे त्याला कारेझ म्हणतात. वाटेत जागोजाग विहिरीसारखी भोकं ठेवलेली असतात, गाळ काढायला माणूस आत उतरावा म्हणून. ही कारेझ आधी वरच्या गावाला लागायची, मग खाली गढीला. वरच्या गावाचा प्रमुख होता मामूर खान. तापट माणूस, पण वाईट नव्हता. तो आणि सरबलंद खान लहानपणी एकत्र शेळ्या चारायचे.

मग तीन वर्षं डोंगरावर बर्फ कमी पडलं. पहिल्या वर्षी पाणी कमी झालं. दुसऱ्या वर्षी बायका पाण्यावरून भांडायला लागल्या. तिसऱ्या वर्षी पुरुष भांडायला लागले. मग सरबलंद खान म्हणाले, "मी जाऊन मामूरशी बोलतो." बोलायला जायचं म्हणून तलवार खुंटीला अडकवून ठेवली आणि घोड्यावर बसून गेले.

बोलणं सुरू झालं. बोलण्याचा आवाज वाढला. कुणी आईवरून बोललं, कुणी बापावरून. आणि मामूर खानाच्या हातात ठासणीची बंदूक होती, ती उडाली. त्यानं रागानं उडवली की चुकून चाप ओढला गेला, हे त्यालाही नंतर नीट सांगता आलं नाही. सरबलंद खान तिथेच गेले.

ऐकताय ना? हो, वाईट झालं. पुढे ऐका.

त्यांच्या मुलखात एक रीत होती. रक्ताचा सूड घ्यायचा. मामूर खानाला ते ठाऊकच होतं, म्हणून तो आपले घोडेस्वार घेऊन डोंगरात निघून गेला. बापाला माती दिली आणि तिसऱ्या दिवशी जानसनं घोड्यावर खोगीर चढवलं. धडधाकट होते तेवढे सगळे चाळीस पुरुष त्याच्याबरोबर निघाले. गढीत उरल्या बायका, मुलं आणि अकरा म्हातारे.

गावातल्या एका आजोबांनी विचारलं, "जानस, गढी कोणाकडे?"

जानसनं खुंटीवरची तलवार काढली आणि बहिणीच्या हातात दिली. "हिच्याकडे."

म्हातारे एकमेकांकडे पाहायला लागले. एक जण म्हणाला, "मुलीच्या हातात दार?" तोरपेकईनं केस वर बांधले, वडिलांचं पागोटं गुंडाळलं आणि दाराचा अडसर नीट बसतो का, ते पाहायला गेली. अडसर सैल होता. तो आधी दुरुस्त करून घेतला.

दहा दिवस गेले. अकराव्या दिवशी सकाळी धूळ दिसली. जानस भलत्याच दरीत शोधत होता, आणि मामूर खानाचे वीस स्वार गढी रिकामी आहे असं समजून खाली उतरले होते. तोरपेकईनं घराघरातून पागोटी आणवली. सगळ्या बायकांना ती बांधायला लावली आणि तटावर ओळीनं उभं केलं. खालून पाहिलं तर साठ-सत्तर पागोटी. स्वार थबकले. त्यांच्या म्होरक्यानं ओरडून विचारलं, "गढी कोणाकडे आहे?"

आता पंचाईत. बाई बोलली तर कळणार. पायंदा काकांना पुढे केलं, तर त्यांना असा खोकला आला की थांबेना. मग तोरपेकई स्वतःच पुढे झाली. म्हणाली, "माझ्याकडे. मी सरबलंद खानांची मुलगी. तुम्ही पाहुणे असाल तर हत्यारं बाहेर ठेवा, जेवण वाढते. पाहुणे नसाल तर परत जा."

ते हसले, आणि दारावर चालून आले. त्या दाराला एक लहान दिंडी होती, एका वेळी एकच माणूस वाकून आत येईल एवढी. त्यांनी ती कुऱ्हाडीनं फोडली. पण वाकून आत येणाऱ्याला तलवार चालवता येत नाही, आणि तोरपेकई आत ताठ उभी होती. पहिला आला, तो खांदा धरून मागे गेला. दुसरा आला, त्याची तलवारच पडली. तिसऱ्यानं तिच्या डाव्या हातावर वार केला. रक्त आलं. ती मागे सरली नाही. वरून बायकांनी चुलीसाठी रचलेले दगड टाकायला सुरुवात केली, तेव्हा ते वीस जण माघारी फिरले. जाताना कुणी हसलं नाही.

मग अदेनं जखम धुतली, वर लोकर जाळून तिची राख दाबली आणि फडकं बांधलं. विचारलं, "भीती वाटली?"

"हो," तोरपेकई म्हणाली. "अजून वाटतेय."

"मग बस थोडी," अदे म्हणाली.

चार दिवस शांततेत गेले. पाचव्या दिवशी सकाळी मुली पाण्याला गेल्या आणि रिकाम्या घागरी घेऊन परत आल्या. कारेझ कोरडी. त्या स्वारांनी वर कुठेतरी मेंढीच्या कातड्यात वाळू भरून बोगदा बंद केला होता. गढीत रांजण होते सात, आणि तोंडं होती दोनशे.

तोरपेकई म्हणाली, "मी आत उतरते." पायंदा म्हणाला, "तुझा हात बरा नाही." ती म्हणाली, "काका, तुमचे खांदे त्या भोकात मावणार नाहीत." मग तिच्या कमरेला दोर बांधला, हातात दिवा दिला, पाठीला कुदळ लावली आणि तिला खाली सोडलं.

आत थंडगार. ओणवं होऊन चालायचं. थोडं गेल्यावर दोर संपला, तो तिनं सोडला. आणखी थोडं गेल्यावर दिवा विझला. मग ती गायला लागली, कारण काळोखात आपला आवाज ऐकू आला की बरं वाटतं. तर पायाशी थोडं डबकं उरलं होतं, त्यातून आवाज आला, "कोण गातंय?"

तो होता एक मासा. कारेझमध्ये असतात असे, पांढरे आणि आंधळे. आता मासा कसा बोलेल, असं विचारू नका. तोरपेकईनं जन्मभर असंच सांगितलं, आणि ती खोटं बोलणारी बाई नव्हती.

मासा म्हणाला, "पाणी हवंय ना? वाळू उपसून उपयोग नाही, ती तुला चार दिवसांत उपसणार नाही. इथे एक जुना फाटा आहे, कधीचा ढासळलेला. त्याच्या मागे पाणी आहे. वाटेत तीन वळणं लागतात. प्रत्येक वळणावर मला एक गाणं दे, मी डबक्याडबक्यांतून बरोबर येतो आणि वळण सांगतो."

पहिल्या वळणावर मासा म्हणाला, "बापाचं म्हण." तिनं म्हटलं:

बाबा गेले बोलायाला, घरी ठेवून तलवार,
घोडा आला सांजेला, पाठीवर नाही स्वार.

मासा म्हणाला, "उजवीकडे."

दुसऱ्या वळणावर म्हणाला, "आईचं म्हण." ते तिला जड गेलं. पण म्हटलं:

अदे रोट्या भाजते, रोज एक जास्त होते,
कुणी काही बोलत नाही, ती झाकून ठेवते.

मासा म्हणाला, "आता डावीकडे."

तिसऱ्या वळणावर म्हणाला, "ज्यांनी पाणी अडवलं, त्यांचं म्हण." तोरपेकईनं काय म्हटलं असेल? तिनं शिव्या दिल्या. दोन ओळींत बसवून दिल्या, पण शिव्याच. मासा म्हणाला, "हे गाणं नाही. अशा शिव्या तर वरही रोज ऐकू येतात." आणि वळण सांगेना.

मग ती तिथे ओल्या जमिनीवर बसली. हात ठणकत होता. बसल्या बसल्या तिला वरच्या गावाची विहीर आठवली. लहानपणी बाबांबरोबर ती तिथे गेली होती. तिथल्या एका बाईनं तिला वाटीभर ताक दिलं होतं. त्या बाईचीही घागर आता रिकामीच असेल. बर्फ तिच्यासाठीही पडलं नव्हतं. पुष्कळ वेळानं ती म्हणाली:

आमची घागर कोरडी, तुमचीही भरत नाही,
एका डोंगराचं पाणी, दोन गावांना पुरत नाही.

"सरळ जा," मासा म्हणाला.

सरळ गेली तर समोर मातीची भिंत. तिनं एका हातानं कुदळ मारायला सुरुवात केली. शंभर वेळा मारली असेल, दोनशे वेळा मारली असेल. मग माती ओली लागली. मग थेंब आले. मग एकदम गुडघाभर पाणी आलं, आणि तोरपेकई त्या पाण्याबरोबर घरंगळत, खरचटत, चिखलानं माखून पुन्हा भोकाखाली येऊन पडली. वर दुपारचं ऊन होतं. पायंदानं दोर सोडला. तिला वर काढलं, तेव्हा बायकांना आधी कळेचना की ही कोण. पाण्याचा आवाज सगळ्यांना कळला.

जागे आहात? बरं. आता खरी गोष्ट पुढे आहे.

त्यानंतर आठ दिवसांनी जानसनं मामूर खानाला गाठलं. मोठी चकमक झाली. मामूरची माणसं पांगली. त्याच्या मांडीत गोळी शिरली. तो एकटाच घोडा दामटत निघाला, मागे चाळीस स्वार. आपलं गाव गाठता येणार नाही, हे त्याला कळलं. मग त्यानं घोडा वळवला तो थेट सरबलंद खानांच्या गढीकडे.

का? तर त्यांच्याकडे आणखी एक रीत होती, सुडाच्या रितीहून जुनी. जो माणूस शत्रूच्याच दारात येऊन आसरा मागेल, त्याला मारायचं नाही. त्याला आत घ्यायचं आणि त्याच्यासाठी स्वतः उभं राहायचं. पाळायला फार कठीण रीत होती ती. पुष्कळ जण तोंडानं सांगायचे, पण वेळ आली की विसरायचे.

घोडा दारापाशी कोसळला. मामूर सरपटत आला, पागोटं काढून गळ्यात घातलं आणि उंबऱ्यावर हात ठेवला. म्हणाला, "आसरा द्या."

तोरपेकईनं बुरुजावरून पाहिलं. ओळखलं. खाली उतरून दाराशी आली. पायंदा काका हळूच म्हणाले, "पोरी, दार उघडू नकोस. आत्ता जानस येईल आणि सगळं मिटेल. कुणी पाहिलेलं नाही."

"मी पाहिलंय," तोरपेकई म्हणाली.

तिनं दाराला कपाळ टेकलं आणि थोडा वेळ तशीच उभी राहिली. हात तलवारीच्या मुठीवर होता. दाराच्या पलीकडे त्या माणसाचा श्वास ऐकू येत होता. मग तिनं मागे वळून आईकडे पाहिलं. "अदे?"

अदे तंदूरापाशी उभी होती. म्हणाली, "दार तुझ्याकडे आहे. मला कशाला विचारतेस?" आणि जरा थांबून म्हणाली, "पण उघडलंस तर अर्धं उघडू नकोस."

तोरपेकईनं अडसर काढला. दोन्ही दारं उघडली. मामूरला धरून आत घेतलं आणि भिंतीला टेकवून बसवलं. त्यानं मान वर केली नाही. अदे आली. तिनं त्याच्यापुढे पाणी ठेवलं, रोटी ठेवली. परत गेली आणि रोट्या भाजायला लागली, तेव्हा पीठ खाली सांडलं.

तेवढ्यात चाळीस घोडे दारात आले. जानस उतरला. दाढी वाढलेली, डोळे लाल.

"तोरपेकई, तो आत आहे?"

"आहे."

"बाजूला हो."

ती दारात उभी होती, वडिलांची तलवार उपसून. म्हणाली, "लाला, त्यानं आसरा मागितला. मी दिला."

"त्यानं बाबांना मारलं."

"माहीत आहे. दार उघडलं तेव्हाही माहीत होतं."

जानसनं तलवार काढली. चाळीस माणसं पाहत होती. तो म्हणाला, "दहातून सहा वेळा मी तुला हरवतो."

"हो," ती म्हणाली, "पण आज तुला मला मारूनच आत जावं लागेल. हरवून भागणार नाही. गढी माझ्याकडे आहे असं तूच सांगितलंस. तू परत आलास म्हणून माझा शब्द मोडत नाही. तो मोडलास तर उद्यापासून या दाराला दार कोण म्हणेल?"

जानस एक पाऊल पुढे आला. ती हलली नाही. तिच्या डाव्या हाताचं फडकं त्याला दिसलं. ते कसं झालं, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. तो थांबला. मग त्यानं तलवार जमिनीत रोवली आणि तिथेच दाराबाहेर धुळीत बसला. बापाला माती दिली तेव्हा तो रडला नव्हता. आता रडला.

तीन दिवस जानस दाराबाहेर बसला. आत येईना आणि निघूनही जाईना. तोरपेकई रोज स्वतः त्याला जेवण नेऊन द्यायची. पहिल्या दिवशी त्यानं ताट परत केलं. दुसऱ्या दिवशी नुसतं पाणी घेतलं. तिसऱ्या दिवशी जेवला, आणि म्हणाला, "म्हाताऱ्यांना बोलवा."

मग दोन्ही गावांचे म्हातारे गोल करून बसले. मामूर खान लंगडत आला, डोकं उघडं. अदेसमोर उभा राहिला आणि म्हणाला, "मी केलं. सरबलंद माझा मित्र होता. काय शिक्षा द्यायची ती द्या."

सगळे अदेकडे पाहायला लागले. अदे म्हणाली, "तुला मारून माझ्या घरात कुणी परत येत नाही. दरवर्षी वसंतात कारेझचा गाळ काढतात. तू त्यात उतरायचं. तुझी माणसं नाहीत, तू. पहिल्या भोकापासून शेवटच्या भोकापर्यंत. जिवंत आहेस तोवर."

मामूर म्हणाला, "कबूल."

मग पाण्याचं ठरलं. चार दिवस वरच्या गावाचं, चार दिवस खालच्या गावाचं. तोरपेकई म्हणाली, "जुन्या फाट्याचं पाणीही यात धरा." आपल्या गावचे म्हातारे कुरकुरले, ते तर आपल्याला सापडलंय. ती म्हणाली, "डोंगर एकच आहे." मग तेही लिहून घेतलं. लिहिलं तिनंच, कारण तिथे बसलेल्यांत अक्षर चांगलं फक्त तिचं होतं.

मामूर खान खरंच उतरायचा, बरं का. लंगडत, म्हातारा झाला तरी. वीस-बावीस वर्षं. एकही वर्ष चुकवलं नाही. तो मेला तेव्हा जानसनं त्याला खांदा दिला.

पुढे जानसचं लग्न झालं. तोरपेकईचंही झालं, चांगला माणूस मिळाला, तिची गाणी उतरवून ठेवणारा. तिला तीन मुलं झाली आणि तिघांनाही तिनं अलिफपासून शिकवलं. गढीचं दार तिच्याकडेच राहिलं. जानसनंच सांगितलं, राहू दे. खूप गाणी केली तिनं, लढाईची थोडी, बाकीची घरातली.

एकदा जानसनं तिला विचारलं. दोघंही तेव्हा म्हातारे होत आले होते, उन्हाला बसले होते. म्हणाला, "त्या दिवशी दार उघडताना तुला राग नव्हता आला?"

तोरपेकई म्हणाली, "आला होता की. अजून येतो. कधी कधी सकाळी पाणी भरताना येतो."

"मग?"

"मग काय, घागर भरते आणि घरी येते."

तिनं जानसच्या खांद्यावरची शाल नीट केली.

अशी ती दोन्ही गावं त्याच डोंगराखाली राहिली. पोटभर जेवली, पोटभर पाणी प्यायली, आणि दमली की झोपली. आता तुम्हीही झोपा. कूस बदला बघू, आणि डोळे मिटा.